कुठे कुठे पाहिलंस?

यास्मिनताईंकडे मी पहिल्यांदा जेवायला गेलो त्या सकाळी मोबाइलवर त्यांचा निरोप आला. दिल्लीत कुणी घरी बोलावलं की लोकेशन पाठवतात आणि मोकळे होतात. ताईंचा निरोप असा होता: "दोन नंबरच्या गेटवर येऊ नकोस. नकाशा तिथेच आणेल, पण ते गेट कायम बंद असतं आणि गार्ड उघडत नाही. मेट्रोतून उतरल्यावर समोर दिसते ती सोसायटी आमची नाही, आमची तिच्या मागे. ई-रिक्षावाल्याला सेक्टर सांगू नकोस, दूध-भाजीचा बूथ सांग. एक नंबरचं गेट बूथला लागून आहे." पत्ता सगळ्यात शेवटी होता आणि तो लागलाच नाही.

दिल्लीतल्या द्वारका भागात नवा माणूस एकाही फोनशिवाय कुणाच्या दारात पोचतो, ही गोष्ट दिल्लीकरांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. तिथले सेक्टर ओळीने नाहीत, सोसायट्या एकसारख्या, आणि प्रत्येक सोसायटीला चार गेटं असली तरी त्यातली तीन बंद. मी बेल वाजवली. ताईंनी दार उघडलं आणि "ये, घर सापडलं ना" वगैरे काही न म्हणता विचारलं, "कुठे अडलास?"

कुठेच नाही, असं मी सांगितलं.

"मग ठीक लिहिलं गेलंय," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

यास्मिन बागवान मूळच्या साताऱ्याच्या. शिक्षण मराठी शाळेत, मग कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. लग्नानंतर दिल्लीत आल्या, कारण शौकतभाई विमानतळावर मालवाहतुकीच्या खात्यात होते. ताईंनी नोएडातल्या कारखान्यांसाठी पुस्तिका लिहायला सुरुवात केली. मिक्सर, गिझर, पाण्याचा पंप, जे म्हणाल ते. खोक्यातून मिक्सर काढल्यावर खाली जी चोपडी उरते आणि जी आपण न उघडता कपाटात टाकतो, ती ताईंची. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या तशा त्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहू लागल्या आणि शेवटी आमच्या कंपनीत आल्या. मी तिथे प्रोग्रामर होतो, नुकताच पुण्याहून आलेला.

आमची ओळख झाली ती माझ्या खोटेपणामुळे. दुपारी आईचा फोन आला होता आणि मी तिला "हो गं, जेवलो" म्हणून सांगत होतो. मागून आवाज आला, "डबा तर उघडलेला नाही." मी दचकून वळलो. ठेंगणीशी, पिकल्या केसांची बाई माझ्या टेबलावरच्या डब्याकडे बघत होती. त्या ऑफिसात मराठी समजणारं कुणी असेल अशी शंकाही मला आली नव्हती. ताईंनी मला पँट्रीत नेलं आणि आपल्या डब्यातला खर्डा माझ्या पोळीवर ठेवला. शेजारच्या दोघा पंजाबी पोरांनी मोठ्या हौसेने बोटभर चाखला आणि पुढचा अर्धा तास ते पाण्याच्या यंत्रापासून हलले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणू लागलो. बाकी ऑफिसला त्या यास्मिन मैम होत्या.

द्वारका ते नोएडा म्हणजे ब्लू लाइनचं जवळजवळ एक टोक ते दुसरं टोक. एवढ्या प्रवासाबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. उलट मेट्रोतल्या सूचनांवर त्यांचा जीव होता. "बघ, दरवाजे कुठल्या बाजूला उघडतील ते आधी सांगतात, जपून उतरा हे मागाहून. क्रम कसा बरोबर आहे," असं एकदा त्या मला अशा सुरात म्हणाल्या की मी क्षणभर थांबून ती सूचना पुन्हा ऐकली. सूचना वाईट लिहिलेली दिसली की त्यांना खरोखर त्रास व्हायचा. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये आग लागल्यास काय करावं याचा फलक होता आणि 'लिफ्ट वापरू नये' हे त्यात पाचव्या ओळीवर होतं. त्या फलकावरून ताईंनी महिनाभर भांडण केलं आणि तो बदलून घेतला.

मी काही लिहून दाखवलं की त्यातून 'फक्त', 'सहज' आणि 'अर्थातच' हे शब्द त्या न विचारता उडवायच्या. ज्याला जमत नाही तोच बिचारा हे वाचायला येतो, आणि तू त्याला वर सहज म्हणतोस, असं त्यांचं म्हणणं. मला राग यायचा. पण ते शब्द काढल्यावर वाक्याचं काही बिघडलेलं नसायचं, हेही खरं.

त्या पहिल्या जेवणाच्या वेळचा एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ताईंनी पोळ्या वाढता वाढता शौकतभाईंना गूळ आणायला सांगितलं. शौकतभाई उंच, सावकाश चालणारे गृहस्थ. ते स्वयंपाकघरात गेले, दोन-तीन डबे वाजले आणि ते परत येऊन म्हणाले, "गूळ नाहीये."

"कुठे कुठे पाहिलंत?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे? नावं घ्या."

शौकतभाईंनी मान खाजवली. "डब्यांच्या फळीवर."

"आणि?"

"आणि... तिथेच."

गूळ फ्रिजमध्ये होता. दिल्लीच्या उन्हाळ्यात फळीवर गुळाचं पाणी होतं म्हणून ताई तो फ्रिजमध्ये ठेवायच्या. शौकतभाई गूळ घेऊन आले आणि आपणच हसत बसले. त्या घरात 'नाहीये' म्हणायला बंदी आहे, असं त्यांनी मला सांगितलं. सापडलं नाही तर कुठे कुठे पाहिलं ते सांगायचं, बाकी ताई ठरवतील. दिल्लीत वाढलेली त्यांची मुलगी सना मराठी निम्मीअर्धी विसरली होती, पण तिला हा नियम पाठ होता. जेवण चालू असतानाच तिचा परदेशातून फोन आला. "अम्मी, मेरी डिग्री की कॉपी नहीं मिल रही. नीली फाइल आणि लॅपटॉप दोन्ही पाहिलं, ईमेल नाही पाहिलं अभी तक." ताई म्हणाल्या, मग ईमेल बघ. मिनिटभरात तिला ती सापडली.

आता आमच्या कंपनीतल्या कामाकडे येतो. आम्ही कोड शोधण्याचं एक साधन बनवलं होतं. मोठ्या कंपन्यांकडे वर्षानुवर्षं लिहून साठलेल्या कोडचा डोंगर असतो आणि अमुक एक नियम कुठे लिहिलाय हे कुणालाच आठवत नसतं. आमच्या साधनाला विचारलं की ते क्षणात जागा दाखवायचं. आधी ते माणसं वापरायची. मग एजंट आले. एजंट म्हणजे काम सोपवलं की स्वतः शोधाशोध करून ते पुरं करणारे एआयचे प्रोग्राम. (शौकतभाईंना बरेच दिवस वाटत होतं की बायको विमा एजंटांसाठी काही लिहिते आहे.) आमचं साधन आता या एजंटांच्या हाती द्यायचं होतं आणि ते कसं वापरायचं हे सांगणारं पान त्यांच्यासाठी नव्याने लिहायचं होतं.

ताईंचा विभाग तोवर रिकामा झाला होता. लिहिण्याचं काम आता यंत्रंच करतात, मग लेखक कशाला, असा विचार वर झाला होता आणि बाकीच्या सगळ्यांना निरोप मिळाला होता. ताईंचा करार या पानापुरता उरला होता. आमचे प्रमुख अरोरा साहेब मोकळ्या स्वभावाचे होते, त्यांनी हे तोंडावर सांगितलं. पान मशीनकडून लिहून घ्या, तुम्ही नजर टाका, करार वाढवायचा की नाही ते मग बघू.

मला वाटलं, ताई चिडतील. त्यांनी मशीनने लिहिलेलं पान मागवलं, सावकाश वाचलं आणि चांगलं लिहिलंय, माझ्यापेक्षा नीटनेटकं आहे, अशी दाद दिली. मग मला शेजारी बसवून म्हणाल्या, एजंट काम करताना काय काय करतो त्याची नोंद दाखव. त्या नोंदी आम्ही प्रोग्रामर लोक बिघाड झाला तरच बघतो. ताई आठवडाभर त्या वाचत होत्या. चहा आला की चहा प्यायच्या, डोळे पडद्यावर.

मधेच एकदा त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा उजळलेला होता की मी विचारलं, काय झालं?

"सबनीस, हा सगळं वाचतो रे," त्या म्हणाल्या. "पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि लिहिलंय तसंच करतो. जन्मभर मी न वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. असा वाचक मला आत्ता मिळाला."

पण त्याच नोंदींत त्यांना एक खोट दिसली. एजंटाने शोध घेतला आणि काही सापडलं नाही, तर आमचं साधन नुसतं रिकामं उत्तर द्यायचं. माणसाला असं रिकामं उत्तर आलं की तो म्हणतो, छे, असं कसं होईल, आणि दुसरीकडे बघतो. एजंट तसं करत नव्हता. सापडलं नाही म्हणजे ते अस्तित्वातच नाही असं धरून तो पुढे निघायचा. आणि आमचं साधन सगळीकडे बघतच नव्हतं. बंद करून ठेवलेल्या जुन्या प्रकल्पांत ते, वेगळं सांगितल्याशिवाय, शिरायचं नाही. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणून मशीनच्या पानातही ते आलं नव्हतं.

"माणसाला शंका येते," ताई म्हणाल्या. "याला येत नाही. तेव्हा शंका आपण लिहून द्यायची."

त्यांनी पान नव्याने लिहिलं. सुरुवातीलाच भाग होता: हे साधन कुठे पाहत नाही. त्याखाली, काही सापडलं नाही तर काय समजायचं आणि काय समजायचं नाही, त्यानंतर कुठे पाहायचं. साधन किती वेगवान आणि किती हुशार आहे याचा त्यात उल्लेखच नव्हता.

अरोरा साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात मोठा ग्राहक येणार होता, त्याला हे पान दिसणार होतं. "यास्मिन जी, आप तो दुकान खोलते ही बता रही हैं कि हमारे यहाँ क्या नहीं मिलता," ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. हा भाग शेवटी न्या किंवा काढून टाका, असं त्यांचं सांगणं होतं. ताई शांतपणे म्हणाल्या की काढायचा तर काढा, मात्र मग पान माझं नाही आणि कराराचं काय ते तुम्ही आजच ठरवा. शौकतभाई निवृत्त झाले होते आणि ताईंना हे काम हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

मग त्यांनीच तोडगा सुचवला. ग्राहकासमोर जे काम करून दाखवणार आहात तेच आत्ता करून बघू. एकदा मशीनच्या पानावर, एकदा माझ्या. ग्राहकाने सरावासाठी आपला कोड देऊन ठेवला होताच. काम असं होतं: एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत असा जो नियम या कोडमध्ये आहे, तो बदला.

मशीनचं पान दिलं. एजंटाने शोधलं, त्याला काही सापडलं नाही, आणि त्याने ठाम उत्तर दिलं की असा नियम अस्तित्वात नाही, मी नवा लिहून देतो. भराभर लिहूनही टाकला. सुरेख लिहिला होता. अरोरा साहेब खूश झाले, आणि खरं सांगायचं तर मीही खूश झालो, कारण त्याचं बोलणंच इतकं ठाम होतं.

ताई म्हणाल्या, "सबनीस, त्याला विचार, कुठे कुठे पाहिलंस."

मी इंग्रजीत तसं टाइप केलं. उत्तर आलं की मी सगळीकडे पाहिलं.

ताई खुदकन हसल्या. "शौकतच हा." खोलीत त्या हसण्याचा अर्थ मला एकट्याला कळला, आणि गूळ कुठे असणार हेही माझ्या लक्षात आलं.

मग ताईंचं पान दिलं. त्याच एजंटाने तोच शोध घेतला. पुन्हा काही सापडलं नाही. पण या वेळी त्याने लिहिलं: चालू प्रकल्पांत पाहिलं, तिथे नाही. बंद प्रकल्पांत अजून पाहिलेलं नाही, आता पाहतो. आणि तिथे, एका जुन्या बंद प्रकल्पात, तो नियम होता. ग्राहकाची बिलं अजून त्याच नियमावर चालत होती. पहिल्या खेपेचा सुरेख नियम त्याच्या जोडीला बसवला असता तर दोघांनी मिळून काय गोंधळ घातला असता ते अरोरा साहेबांना सांगावं लागलं नाही.

"ऊपर ही रहने दीजिए," ते म्हणाले.

दुसरं कुणी इथे थांबलं असतं. ताई म्हणाल्या की एवढ्याने भागणार नाही, साधनाचं रिकामं उत्तर हीसुद्धा एक सूचनाच आहे, तेही मला लिहायचंय. म्हणजे त्यासाठी साधनाच्या कोडमध्ये बदल आणि तो करायचा मी. बदल लहान होता. त्यानंतर आमचं साधन कधीही नुसतं 'नाही' म्हणालं नाही. अमुक ठिकाणी पाहिलं, अमुक ठिकाणी पाहिलं नाही, असं ते सांगू लागलं. ग्राहकाच्या इंजिनिअरने पान वाचल्यावर पहिला प्रश्न विचारला तो, हे कुणी लिहिलंय? अरोरा साहेबांनी ताईंना आत बोलावून घेतलं. ताईंचा करार वाढला आणि कंपनीतल्या बाकीच्या साधनांची पानंही त्यांच्याकडेच आली.

पुढे शौकतभाईंना साताऱ्याची ओढ लागली. हिवाळ्यातली दिल्लीची हवा त्यांच्या छातीला मानवत नव्हती. ताईंनी या वेळी आपणहून करार संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे दिसलं नाही, पण शेवटच्या दिवशी पँट्रीत डबा धुताना त्यांनी मला विचारलं, "माझा तो वरचा भाग राहील ना रे?"

मी राहील म्हणालो, पण मला खात्री नव्हती. अरोरा साहेबांची तोवर बंगळुरूला बदली झाली होती आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना सगळी पानं अर्धी करायची होती. ताईंनी काम सोडलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात या बाईंनी ते पान एका एजंटाला देऊन सांगितलं की जे अनावश्यक असेल ते काढून टाक. मी बोलून पाहिलं. काय राहतं ते बघू, असं उत्तर मिळालं.

ताईंचं सामान हलणार होतं त्या सकाळी मी मेट्रोत होतो तेव्हा ते काटछाट केलेलं पान माझ्या मोबाइलवर आलं. वाचलं आणि स्टेशन येताच धावत सुटलो. ई-रिक्षात बसलो, मोबाइलवरचा नकाशा रिक्षावाल्यापुढे धरला आणि उतरलो तो थेट दोन नंबरच्या गेटसमोर. बंद. आत सामानाचा टेम्पो उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला ताईंचा निरोप गेला असणार आणि त्याने तो वाचला असणार. मी गजांतून हाका मारल्या.

ताई खोक्यांवर नावं घालत होत्या. हातातलं मार्कर तसंच घेऊन त्या गेटपाशी आल्या आणि त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो ताई. पण ऐका. तुमचं पान अर्धं केलं."

"काय काढलं ते आधी सांग."

मी सांगितलं. उदाहरणं दोनच ठेवलीत, मधलं स्पष्टीकरण काढलं, शेवटचा परिच्छेद पूर्ण गेला. त्या ऐकत होत्या, प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. शेवटचा परिच्छेद गेला त्याला तर "बरं झालं" म्हणाल्या. मग थांबल्या. पुढचं विचारायला त्या धजत नव्हत्या. ताईंना असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"वरचा भाग आहे," मी म्हणालो. "शब्दही हललेला नाही. आणि खाली एजंटाने शेरा लिहिलाय." मी मोबाइल काढून मराठीत वाचून दाखवलं: "हा भाग काढू नये. हा नसेल तर काही सापडलं नाही याचा अर्थ मी ते नाहीच असा घेईन."

ताईंनी गजांतून हात घालून मोबाइल घेतला आणि मूळ इंग्रजी स्वतः वाचलं. परत वरून वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"इतकी वर्षं लिहिलं," त्या म्हणाल्या. "वाचलं म्हणून कुणी कळवलं नव्हतं."

मोबाइल परत देताना त्यांनी मार्करच्या हातानेच डोळे पुसले, त्यामुळे गालावर एक काळा फराटा उमटला. तो तसाच ठेवून त्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

"आता उभा राहू नकोस. भिंतीच्या कडेने डावीकडे ये. वाटेत एक लहान फाटक लागेल, ते उघडं दिसतं पण आतून बंद आहे, तिथे शिरू नकोस. बूथपाशी वळ. शौकत चहा टाकतायत, साखर कुठल्या खोक्यात गेली ते त्यांना सापडत नाहीये."

आणि त्या खोक्यांकडे चालू लागल्या. आतून शौकतभाईंचा आवाज आला. साखर स्वयंपाकघराच्या दोन्ही खोक्यांत पाहिली, चादरींच्या खोक्यात अजून पाहिलेली नाही, असं ते सांगत होते. मी भिंतीच्या कडेने डावीकडे निघालो.